दुसरा डबा कुठे ठेवायचा: घरात मेश वायफाय बसवताना

रत्नागिरीकडच्या आमच्या घरात नेटची फायबर ओटीवर येते, कारण नेटवाल्याला खांबापासून तीच भिंत जवळ पडली. नेटचा डबा, म्हणजे राउटर, टीव्हीच्या मागे. ओटीवर बसून बाबा क्रिकेट बघतात, चित्र एकदाही अडकत नाही. वहिनीचं ऑफिसचं काम मात्र मागच्या नव्या खोलीत चालतं. मीटिंग सुरू झाली की तिला लॅपटॉप उचलून माजघराच्या उंबऱ्यात येऊन बसावं लागायचं, आणि तिच्या बोलण्यात आईच्या कुकरच्या शिट्ट्या मिसळायच्या. दादाने यावर उपाय काढला तो प्लॅन वाढवण्याचा. शंभर एमबीपीएसचा (नेटचा वेग यात मोजतात) दोनशे केला. ओटीवर दोनशे आले. मागच्या खोलीत जे चार यायचे ते चारच राहिले.

मग मी दोन डब्यांचा मेश संच (एकमेकांशी जोडलेले, एकाच नावाने घरभर वायफाय देणारे डबे) घेऊन गेलो आणि पहिल्याच दिवशी चूक केली. जिथे नेट नाही तिथेच दुसरा डबा ठेवायचा, इतकं साधं गणित मांडून तो वहिनीच्या टेबलावर ठेवला. मोबाईलवर कांड्या फुल्ल. सगळे खूश. स्पीड टेस्ट लावली तर सहा.

झालं असं होतं की मोबाईल आणि दुसरा डबा यांच्यात उत्तम संधान होतं, पण दुसरा डबा आणि ओटीवरचा पहिला डबा यांच्यात त्याच जुन्या जाड भिंती होत्या. नवी कोरी तोटी बसवली, पण टाकीत पाणीच चढत नाही, अशातला प्रकार. कांड्या तोटीच्या दिसतात, टाकीच्या नाही. त्या दिवसापासून कोणी मेशबद्दल विचारलं की मी कंपनी कुठली हे नंतर सांगतो; दुसरा डबा पहिल्याशी कोणत्या वाटेने बोलणार, हे आधी विचारतो.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा

मेश घेतल्याने बाहेरून येणारं नेट वाढत नाही. म्हणून पहिली चाचणी वायफायची नाही, लाईनची. लॅपटॉपला लॅन केबल लावा, दुसरं टोक थेट नेटवाल्याच्या डब्यात खोचा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि वेग मोजा. शंभरच्या प्लॅनवर नव्वदच्या वर येत असेल तर लाईन ठणठणीत आहे. इथेच वीस येत असतील तर मेशवर पैसे घालू नका, नेटवाल्याला बोलवा. डब्यावर ‘लॉस’ (LOS) लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबर कुठेतरी तुटली किंवा जास्त वाकली आहे. ती काढून ‘उजेड येतोय का’ म्हणून डोळ्यासमोर धरू नका. आतला लेझर अवरक्त असतो, दिसत नाही, पण तो डोळ्यांत जाऊ देण्यासारखी गोष्ट नाही.

लाईन नीट निघाली की वहीच्या पानावर घराचा नकाशा काढा. सुबक नको, खोल्या, दारं आणि भिंतींची जाडी एवढं पुरे. अँड्रॉइड फोनवर ‘वायफाय अॅनालायझर’ प्रकारचं कुठलंही अॅप घ्या. आयफोनवर अॅपलचंच ‘एअरपोर्ट युटिलिटी’ लागतं, आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा वायफाय स्कॅनर आधी चालू करावा लागतो. आता प्रत्येक खोलीत, माणूस जिथे खरोखर बसतो त्या जागी, छातीच्या उंचीवर फोन धरून अर्धा मिनिट थांबा आणि आकडा नकाशावर लिहा.

हा आकडा डीबीएममध्ये आणि उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे झकास. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो. उणे ७० च्या पुढे रडारड सुरू होते, आणि उणे ८० ला नेटवर्कचं नाव दिसतं पण हाताला काही लागत नाही. हिशेब सरळ बेरजेचा नाही: दर ३ ला ताकद निम्मी होते, दर १० ला दहावा हिस्सा उरतो. आमच्या ओटीवर उणे ४२ होते, माजघरात उणे ५८, स्वयंपाकघरात उणे ७१ आणि वहिनीच्या खोलीत उणे ८४. ओटी आणि मागची खोली यांत ४२ चा फरक, म्हणजे तिथे सिग्नलचा साधारण सोळा हजारावा हिस्सा पोचत होता. प्लॅन दोनशेचा काय आणि पाचशेचा काय, त्याने या आकड्यात काडीचा फरक पडत नाही.

भिंतीचा स्वभाव ओळखायला हवा

आमच्या जुन्या घराची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. दाराच्या चौकटीत टेप लावून मोजली तर गिलाव्यासकट साडेपंधरा इंच. जांभा सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात ओल धरतो; पाणी हा वायफायचा शत्रू. त्यामुळे ‘जूनपासून नेट स्लो झालं’ ही बाबांची तक्रार मी आता हसण्यावारी नेत नाही.

साध्या साडेचार इंची विटेच्या भिंतीतून सिग्नल बऱ्यापैकी पार होतो. नऊ इंचीत निम्म्याहून बराच जास्त खातो. आरसीसीचा खांब, बीम, स्लॅब यांत सळ्यांची जाळी असते, तिथे तो पार कोलमडतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज, माशांची टाकी, ही मंडळी सामान म्हणून ठेवलेली असतात, पण वायफायच्या दृष्टीने भिंतीच. लाकडी तक्तपोशी मात्र प्रेमळ. आमच्या माडीवर खालच्याच डब्याचं नेट व्यवस्थित येतं, तेही मधला कुठलाच उपाय न करता.

एक बारीक गोष्ट. लाट भिंतीला काटकोनात भिडली तर तिला भिंतीच्या जाडीइतकंच अंतर कापावं लागतं. तिरकी, ४५ अंशांत गेली तर पंधरा इंचांची भिंत तिला एकवीस इंचांची पडते. म्हणून नकाशावर पहिल्या डब्यापासून अडचणीच्या खोलीपर्यंत पट्टीने सरळ रेघ मारा आणि ती रेघ किती भिंती, किती तिरक्या ओलांडते ते मोजा. नंतर दुसरी रेघ मारा, दारा-दारांतून जाणारी. ही दुसरी रेघ पुढे फार उपयोगी पडणार आहे.

मुंबई-पुण्याच्या नव्या टॉवरमधल्यांचं दुखणं वेगळं. अॅल्युमिनिअमच्या साच्यात ओतलेलं बांधकाम, ज्याला बिल्डर लोक मिवान म्हणतात, त्यात आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात. बाहेरून बघता दोन बेडरूमचा छोटासा फ्लॅट, पण हॉलमधलं वायफाय मास्टर बेडरूमच्या बाथरूमपाशी दम तोडतं. अशा घरात बिनतारी मेशकडून फार अपेक्षा ठेवू नका. वायर ओढण्याचा भाग नीट वाचा.

फुकटातले उपाय आधी

डबा टीव्हीच्या मागून काढा. टीव्हीचा पत्रा अर्धा सिग्नल तिथेच अडवतो. जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, उघड्यावर, शक्यतो घराच्या मध्याकडे. फायबर पुरत नसेल तर नेटवाल्याकडे लांब पॅचकॉर्ड मागा, स्वस्त असते; फक्त ती कोपऱ्यावर घडी घालून दाबू नका, गोलाईने वळवा. अँटेना असतील तर उभ्या ठेवा. सिग्नल अँटेनाच्या टोकातून बाणासारखा निघत नाही, तिच्या भोवती आडवा पसरतो.

वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत (बँडमध्ये) चालतं. इमारतीत राहत असाल तर २.४ चा चॅनल बघा. एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे डबे कुठे गर्दी करून आहेत ते अॅपमध्ये दिसतं, त्यातला रिकामा निवडा. अधलामधला ३ किंवा ८ निवडून शहाणपणा करू नका, त्याने दोन्हीकडचा त्रास पदरात पडतो.

एवढं करून वन बीएचकेचं, बऱ्याचदा टू बीएचकेचंही काम भागतं. भागलं तर इथेच थांबा.

संच घेताना

मेश म्हणजे एकाच नावाने, एकाच पासवर्डने चालणारे आणि एकमेकांना ओळखणारे दोन-तीन डबे. बाजारात टीपी-लिंकचा डेको, आसुसचा झेनवायफाय, नेटगिअरचा ऑर्बी असे संच मिळतात. दीड हजाराचा रिपीटरही तेच करतो असं दुकानदार सांगतो. रिपीटर सिग्नल पुढे ढकलतो हे खरं, पण फोनला इकडून तिकडे जायला मदत करत नाही, आणि ‘_ईएक्सटी’ असं शेपूट लावलेलं दुसरंच नेटवर्क अनेकदा माथी मारतो. एका कोपऱ्यातल्या एका टीव्हीपुरता रिपीटर चालेल.

मी चार गोष्टी बघतो. पहिली, डब्यामागची लॅन पोर्ट. ती गिगाबिट (हजार एमबीपीएसची) आहेत की १०/१०० ची, हे खोक्यावर बारीक अक्षरात असतं. स्वस्त संचांत १०/१०० सर्रास सापडतात; वर ‘१२०० एमबीपीएस’ मोठ्या अक्षरात छापलेलं असलं तरी त्या भोकातून शंभरच्या वर काही जाणार नाही. प्लॅन शंभरचा असेल तर हरकत नाही, तिनशेचा असेल तर पैसे पाण्यात. दुसरी गोष्ट, प्रत्येक डब्याला निदान दोन पोर्ट हवीत. तिसरी, वायरने डबे जोडायची सोय, तिला ‘इथरनेट बॅकहॉल’ म्हणतात. चौथी, डुअल बँड की ट्राय बँड.

हे चौथं जरा समजून घेऊ. डुअल बँडच्या बिनतारी मेशमध्ये दुसरा डबा बहुधा एकाच रेडिओने पहिल्याकडून घेतो आणि तुमच्या फोनला देतो. एकाच वेळी दोन्ही करता येत नाही, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. तिसरा डबा दुसऱ्याच्या मागे साखळीने लावला तर निम्म्याचा निम्मा. ट्राय बँडमध्ये डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ राखता येतो, म्हणून तो महाग. पण शंभरच्या प्लॅनला याची गरज पडेलच असं नाही. दोन डब्यांतली जोड तिनशेची असली तर निम्मे दीडशे उरतात, आणि प्लॅन तर शंभरचाच. माझा सल्ला: शंभर-दोनशेच्या प्लॅनला डुअल बँड वायफाय ६ (वायफायची सहावी पिढी), आणि डबे दोनच. तिसरा नंतर सुटा घेता येतो. तीन डब्यांचा संच ‘ऑफर आहे’ म्हणून घेऊन तिसरा कपाटात पडलेला मी दोन घरांत पाहिलाय.

वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकत्र चालावेत म्हणून वायफाय अलायन्सने २०१८ मध्ये ईझीमेश नावाचं प्रमाण आणलं. कागदावर छान आहे. तरी मी एकाच कंपनीचे, शक्य तर एकाच मालिकेतले डबे घेतो.

जागा: इथे घाई करू नका

आता नकाशा पुन्हा पुढ्यात घ्या. दुसरा डबा ठेवायचा तो नेट नसलेल्या खोलीत नाही, नेट असलेल्या शेवटच्या चांगल्या जागी. म्हणजे जिथे पहिल्या डब्याचा सिग्नल उणे ६० ते ६५ च्या आसपास मिळतो तिथे. तिथून तो पुढच्या खोलीत स्वतःच्या ताज्या दमाने आवाज देतो.

आमच्याकडे हा शोध असा लागला. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची खोली एका ओळीत, पण दारं एका ओळीत नाहीत. माजघराचं दार डाव्या अंगाला, स्वयंपाकघराचं उजव्या. मी एक्स्टेन्शन बोर्ड लावून दुसरा डबा हातात घेतला आणि दादाला मागच्या खोलीत फोन देऊन बसवलं. माजघरातल्या देवघराच्या कोनाड्यापाशी डबा धरला: दादाकडे १८. फळीवर, फ्रिजच्या शेजारी: ११. स्वयंपाकघराच्या दारालगतच्या फडताळावर, जिथून एका बाजूला माजघराचं दार आणि दुसऱ्या बाजूला मागच्या खोलीचं दार दोन्ही दिसतात, तिथे धरला आणि दादा आतून ओरडला, “नव्वद!” चार फुटांचा फरक. डबा तोच, भिंती त्याच. फक्त आता तो दोन्हीकडे दारांतून बघत होता.

म्हणून दारांच्या रेघेवर फिरा. प्रत्येक जागी डब्याला दोन-तीन मिनिटं स्थिरावू द्या, मग मोजा. वेग मोजायचा तो अडचणीच्या खोलीतून, डब्याशेजारी उभं राहून नाही. संचाच्या अॅपमध्ये डब्या-डब्यांतली जोड चांगली की वाईट हे दाखवतात, तेही बघा. आणि खिळा, फळी, पॉइंट यांचा विचार शेवटी करा. जवळच प्लग आहे म्हणून तिथे डबा, या न्यायाने बसवलेले निम्मे मेश फुकट जातात. एक्स्टेन्शन ओढणं भिंत हलवण्यापेक्षा सोपं.

दुमजली घरात स्लॅब आडवा येतो. तिथे जिना ही तुमची वाट. जिन्याच्या वळणावरचा डबा वर आणि खाली दोन्हीकडे बघतो.

जोडणी

डबा लावायच्या आधी जुन्या डब्याच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, आणि नेटवाल्याला विचारा: माझ्या लाईनला युजरनेम-पासवर्ड लागतो का? त्याला पीपीपीओई म्हणतात. बऱ्याच ठिकाणी ते त्यांच्याच डब्यात भरलेलं असतं.

मग एक निर्णय. नेटवाल्याचा डबाही राउटर, तुमचा मेशही राउटर. दोघांनी कारभार पाहिला तर घरात दोन सासवा. नेट चालतं, पण ऑफिसचं व्हीपीएन, गेमिंग, कॅमेरे यांत अधूनमधून नको ते प्रकार होतात. सुटका दोन तऱ्हांनी होते. नेटवाल्याने त्याचा डबा ‘ब्रिज मोड’वर टाकून दिला तर सगळा कारभार मेशकडे. तो देत नसेल, किंवा डबा कुलूपबंद असेल, तर मेशलाच ‘अॅक्सेस पॉइंट मोड’वर टाका: तो फक्त वायफाय देईल, बाकी जुनाच डबा बघेल. यात मुलांच्या वेळेचं नियंत्रण वगैरे मेशच्या काही सोयी जातात. घरगुती वापराला मी दुसरीच तऱ्हा सांगतो, कारण उद्या नेटवाल्याने डबा बदलला तरी काही बिघडत नाही. मेश राउटर म्हणूनच ठेवायचा असेल तर दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असता कामा नये, मेशचा १९२.१६८.५.१ वगैरे करा.

पुढचं काम अॅप करून घेतं. मुख्य डबा लॅन केबलने नेटवाल्याच्या डब्याला जोडा. दुसरा डबा त्याच खोलीत, मुख्य डब्यापासून दोन-तीन मीटरवर चालू करून नोंदवून घ्या. अपडेट आला तर तोही तिथेच होऊ द्या. सगळं सुरळीत झालं की मगच बंद करून ठरलेल्या जागी न्या. लांबच्या खोलीतून नोंदणी करायला गेलात तर अर्धा तास हिरवा-निळा-लाल खेळत बसाल.

वायफायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. टीव्ही, प्रिंटर, शेजारच्या काकूंचा फोन, सगळे आपोआप जोडले जातात. मात्र तसं करताना नेटवाल्याच्या डब्याचं वायफाय बंद केलंच पाहिजे, नाहीतर फोन जुन्या डब्यालाच चिकटून राहतो आणि तुम्ही मेशला शिव्या देत बसता. आमच्याकडे हे बंद करायचं राहून गेलं होतं, आणि दोन दिवस बाबांचा टीव्ही जुन्यावर, वहिनी नव्यावर, असा संसार चालू होता. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३. एखादा जुना प्रिंटर ३ वर रुसला तर दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय असतो.

वायर ओढता आली तर दुसरं काही बघू नका

डबे लॅन केबलने जोडले की वेग निम्मा होण्याचा प्रश्नच मिटतो, आणि दुसरा डबा हवा तिथे, अगदी वहिनीच्या टेबलावरही ठेवता येतो. पहिल्या दिवशीची माझी चूक वायर असती तर चूक ठरलीच नसती.

केबल कॅट ६ घ्या. कॅट ५ईवरही गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातं. आत अस्सल तांब्याची तार हवी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची केबल स्वस्त पडते, पण वाकवली की तुटते. चाकूच्या पात्याने तार खरवडून बघा, आतून चंदेरी निघाली तर परत करा.

खरी मेख जॅक मारण्यात आहे. केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात, शंभरला चारच पुरतात. आमच्याकडे आलेल्या मुलाने सवयीने चारच बसवल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी. उरलेल्या चार कापून टाकल्या. नेट चालू झालं, तो चहा पिऊन गेला, आणि दोनशेच्या लाईनवर मागे ९४ च्या वर आकडा सरकेना. नव्वदीत अडकलेला आकडा दिसला की जॅक उजेडासमोर धरून तारा मोजा. बरोबर क्रम, जॅकची पिन वर आणि खिट्टी खाली धरून डावीकडून: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. जॅकचं पाकीट आणि क्रिंपिंग पक्कड फार महाग नसते. दोन जॅक फुकट जातील, तिसरा जमेल.

मेश राउटर मोडवर असेल तर दुसऱ्या डब्याची वायर मुख्य मेश डब्यातूनच निघाली पाहिजे, नेटवाल्याच्या डब्यातून नाही. नाहीतर दुसरा डबा मुख्य डब्याला वळसा घालून जातो आणि सगळंच गोंधळतं. ही चूक वायर ओढणाऱ्या इलेक्ट्रिशिअनकडून हमखास होते, कारण त्याला दोन्ही डबे सारखेच.

कोकणात वायर कौलांवरून नेऊ नका. वांदर तिला झोका समजतात. आम्ही माळ्यावरून प्लास्टिकच्या पाइपातून नेली, उंदरांसाठी. फ्लॅटमध्ये केसिंग पट्टी मारता येते, पण आधी दाराजवळच्या छोट्या पेटीत डोकावून बघा. नव्या इमारतींत खोल्याखोल्यांतले टेलिफोन किंवा लॅनचे पॉइंट तिथे येऊन मिळालेले असतात. केबल आठ तारांची निघाली तर लॉटरी. चार तारांची टेलिफोन वायर असेल तर तिच्या टोकाला नवी केबल बांधून पाइपातून ओढून घेता येते का ते बघा.

आवारातल्या वेगळ्या खोलीत, गोठ्याकडे किंवा बागेतल्या पंपाजवळ नेट न्यायचं असेल तर तांब्याची केबल उघड्यावरून नेणं टाळा. वळवाच्या दिवसांत जवळपास वीज पडली की ती केबल दोन्ही टोकांचे डबे घेऊन जाते. तिथे फायबर आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन यांना जोडणारे छोटे डबे); काचेतून वीज वाहत नाही.

फोन जुन्याच डब्याला का चिकटतो

मेश लावला की चालता चालता फोन आपोआप जवळचा डबा धरेल, असं जाहिरातीत असतं. खरं तर कधी सोडायचं आणि कधी धरायचं हे फोन स्वतः ठरवतो. डबा फक्त सुचवू शकतो. ८०२.११के आणि व्ही ही ती सुचवण्याची भाषा; ८०२.११आर म्हणजे डबा बदलताना ओळख पटकन पटवायची सोय, तीच ‘फास्ट रोमिंग’. नवे फोन ऐकतात, जुने ऐकत नाहीत. ‘फास्ट रोमिंग’ चालू केल्यावर एखादा जुना लॅपटॉप किंवा प्रिंटर जोडलाच जात नसेल तर तेवढं बंद करा.

तपासायला सोपी रीत: व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल लावा आणि पहिल्या डब्यापासून मागच्या खोलीपर्यंत संथ चालत जा. क्षणभर चित्र थिजलं तर चालेल. पाच सेकंद थिजलं, किंवा मागे पोचूनही फोन ओटीच्याच डब्यावर असेल, तर डबे एकमेकांच्या फार जवळ आहेत. दोघांचाही आवाज मोठा असला की फोनला हलायचं कारणच उरत नाही. दुसरा थोडा लांब सारा.

स्मार्ट बल्ब, प्लग, दाराची बेल यांतल्या बहुतेकांना फक्त २.४ कळतं, आणि ५ वर असलेल्या फोनवरून ते जोडताना ‘डिव्हाइस नॉट फाउंड’ येतं. अॅपमध्ये आयओटी (अशा स्मार्ट वस्तूंसाठीचं) किंवा गेस्ट नेटवर्क फक्त २.४ वर चालू करा आणि ही सगळी चिल्लीपिल्ली त्यावर कायमची बसवा.

लाईट गेली की

आपल्याकडे हा भाग विसरून चालत नाही. ओटीवरच्या डब्याला आम्ही छोटा यूपीएस लावला होता, आणि लाईट गेल्यावर ओटीवर नेट चालू, मागे ठप्प. दुसरा डबा साध्या प्लगवर होता. मेशमध्ये बॅकअप सगळ्यांना हवा: नेटवाल्याचा डबा, मुख्य डबा, दुसरा डबा. इन्व्हर्टर असेल तर तिन्ही प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर आहेत ना ते बघा; छोटा यूपीएस घेत असाल तर अॅडाप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. १२ ला १२, ९ ला ९. अँपिअर मात्र यूपीएसचे तेवढेच किंवा जास्त. बरेच डबे १२ व्होल्टचे असतात, म्हणून न बघता खोचायची सवय लागते, आणि मग एक ९ चा डबा जळतो.

लाईट आल्यावर नेट दहा मिनिटांत परत आलं नाही तर सगळं एकदम बंद-चालू करू नका. आधी नेटवाल्याचा डबा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, मग मुख्य मेश डबा, शेवटी दुसरा.

आमच्याकडे हे सगळं लागून दोन पावसाळे झाले. सध्या मागच्या खोलीत उणे ५५ दिसतात आणि वहिनी दार लावून मीटिंग घेते. मध्यंतरी एकदा तिथे नेट पुन्हा अडखळायला लागलं. फोनवरून अर्धा तास चौकशी केली, चॅनल बदलून पाहिले, काही कळेना. घरी गेल्यावर दिसलं की आईने फडताळावरच्या डब्यावर विणलेला रुमाल घातलाय, धूळ बसते म्हणून. कापडाने सिग्नल अडत नाही, पण आतली उष्णता अडते, आणि तापलेला डबा पाच-सहा तासांनी स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. रुमाल आता डब्याखाली असतो.